शेवटच्या बाकावरची जागा

“मावशी, तुम्ही पुढे बसा,” मी म्हणालो.

“नगं मास्तर, मला हितंच बरं हाय.”

“छे, छे! आज तुम्ही पुढे. मी बसणार इथे मागे.”

हे हळू आवाजातही सांगता आलं असतं. पण मग ते पुढच्या बाकांवर ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू जाणार नसेल तर मी मागे बसायला आलो होतो कशाला? सात-आठ माना वळल्या. सगुणाबाई वाघचौरे चर्चच्या दारात उभ्या होत्या आणि मी त्यांच्या नेहमीच्या जागेवर, शेवटच्या बाकाच्या अगदी दाराकडच्या टोकाला, मान खाली घालून बसलो होतो. त्या पुन्हा “नगं” म्हणाल्या. तेव्हा मी उठलो, त्यांच्या कोपराला धरलं आणि मधल्या वाटेने त्यांना थेट पहिल्या बाकापर्यंत नेलं. बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर माझी बायको शीलवंती बसायची. तिला सरकायला लावून मी सगुणाबाईंना भिंतीकडच्या कोपऱ्यात नीट बसवलं. मग चर्चची सगळी लांबी चालत परत मागे आलो. सावकाश चाललो. घाई करायचं काही कारण नव्हतं.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातलं आमचं गाव, मिशनने बांधलेलं दगडी चर्च आणि शेजारची शाळा. त्या शाळेत मी गणित शिकवायचो. रत्नाकर उमाप, वय छत्तीस, केस तेव्हा होते. चर्चच्या पंचमंडळातले एक म्हातारे पंच मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. वार्षिक सभेत नवा पंच निवडायचा होता आणि तो मी व्हावा अशी माझी फार इच्छा होती. पंच म्हणजे काही आमदार नव्हे. पण प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांच्या उजव्या हाताला, पांढरा सदरा घालून, हातात भाकरीचं ताट घेऊन उभं राहायला मिळतं. आरशासमोर मी ते उभं राहणं एक-दोनदा करूनही पाहिलं होतं. शीलवंतीने विचारलं तेव्हा सदरा कसा बसतो ते बघतोय असं सांगितलं.

माझ्यासमोर उमेदवार एकच, बन्सी पारखे. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. माणूस सरळ, कुणाच्याही मदतीला धावणारा. निवडणुकीत असा माणूस समोर असणं फार त्रासाचं असतं.

त्यात आदल्या रविवारी आमच्या भांबळ पाळकांनी उपदेशाला विषय घेतला नम्रतेचा. मेजवानीला गेलात तर मुख्य जागेवर जाऊन बसू नका, शेवटची जागा धरा, हा पवित्र शास्त्रातला भाग सगळ्यांना माहीत होता. पण उपदेश संपवताना भांबळसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “पंच निवडायचा आहे. तेव्हा पुढे कोण बसतं ते बघता, तसं शेवटच्या बाकावर कोण बसतं तेही जरा बघत जा.”

झालं. मला प्रश्नपत्रिका फुटल्याचा आनंद झाला. शेवटच्या बाकावर कोण बसतं ते बघायला त्यांनी सांगितलं होतं. आजवर तिथे कोण बसत होतं, हे बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या रविवारी सव्वानऊलाच जाऊन मी तो बाक धरला. आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात. फक्त शेवटचा बाक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग आहे. उशिरा येणारे, खोकणारे आणि रडकी पोरं असलेले तिथे बसतात. मी धरून आता चौथा प्रकार झाला.

त्या दिवशीची उपासना मला फार गोड गेली. मागून सगळ्या मंडळीच्या पाठी दिसत होत्या आणि त्यातल्या प्रत्येक पाठीला मी मागे बसल्याचं कळलंय असं मला वाटत होतं. सगुणाबाई मात्र पुढे चुळबुळत होत्या. उपदेश सुरू झाल्यावर तर त्या सारख्या मान वळवून दाराकडे बघायला लागल्या. ही बाई दर रविवारी उपदेश सुरू झाला की उठून बाहेर जाते आणि प्रभुभोजनाला बरोबर परत येते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना एकदा मी नाव न घेता त्यांचं उदाहरणही दिलं होतं. आज पळायला वाट नाही, आज अख्खा उपदेश कानावर पडेल, असं म्हणून मी मनातल्या मनात माझ्या कामगिरीत आणखी एक भर घातली.

उपासना संपल्यावर सूचना झाल्या, सूचनांनंतर मी पुढे गेलो आणि सगुणाबाईंचा हात हातात घेऊन सगळ्यांच्या देखत म्हणालो, “मावशी, यापुढे ही जागा तुमची.” त्यांना घाई दिसत होती. मी हात लवकर सोडला नाही.

घरी जेवताना शीलवंती म्हणाली, “अहो, त्या बाईला घाम फुटला होता. दोनदा उठायला बघितलं आणि परत बसली. बरं नव्हतं की काय?”

“सवय नाही ना मान मिळायची,” मी म्हणालो. “बावरून जातात ही माणसं.”

शीलवंतीने माझ्याकडे पाहिलं आणि डाळ वाढली. ती असं बघते तेव्हा काही तरी बोलायचं टाळत असते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर माझ्या आधी बन्सी पारखे बसलेला. अंगावर इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर माझाच चेहरा. “जय ख्रिस्त, सर,” तो म्हणाला. “पुढे बसायचं ना तुम्ही. मी आहे इथे.”

“छे, छे, तुम्ही पुढे चला. दवाखान्यात दिवसभर उभे असता.”

“तुम्हीही वर्गात उभेच असता की.”

दोघांपैकी कोणीही हललं नाही. त्या बाकावर आम्ही मांडीला मांडी लावून बसलो आणि दोघांनी मिळून दार अडवलं. तिसऱ्या रविवारी तिथे शाळेचे दोन मास्तर आले, चौथ्या रविवारी दूध डेअरीचे चेअरमन आले. जागा मिळावी म्हणून लोक नवाच्या आत यायला लागले. आमच्या मंडळीत ही गोष्ट नाताळलासुद्धा घडत नसे. पुढचे तीन बाक ओस पडले. भांबळसाहेबांनी रिकाम्या बाकांवर नजर टाकली, मग लांबवर आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नम्रतेला इतकी गर्दी मी पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती.” आम्ही सगळे मान खाली घालून समाधानाने हसलो.

त्याच दिवशी दारात त्यांनी मला थांबवलं. “उमाप, सगुणाबाई दिसत नाहीत. त्या रविवारनंतर आल्याच नाहीत.”

“माझ्याही लक्षात आलंय ते, साहेब,” मी म्हणालो. आलं नव्हतं.

“जाऊन बघाल का? त्यांचे यजमान लूकस तात्या अंथरुणाला खिळलेत, तुम्हाला माहीत असेल.”

“हो तर,” मी म्हणालो. एवढं मात्र खरंच माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी तात्या उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि मानेखालचं अंग गेलं, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते घर चर्चच्या कुंपणामागे पन्नास पावलांवर होतं. तिथे मी एकदाही गेलो नव्हतो.

सभा पंधरा दिवसांवर आली होती. अशा वेळी पाळकांनी एक हरवलेलं मेंढरू शोधून आणायला मलाच सांगावं, हा शुभसंकेतच होता. शनिवारी दुपारी मी अर्धा डझन मोसंबी घेतली, काखेत शास्त्र घेतलं आणि वाटेने चार वाक्यं घोळवत निघालो. रागवायचं नाही असं ठरवलं होतं. मंडळीने तुम्हाला सोडलेलं नाही, असं म्हणायचं होतं.

दार उघडंच होतं. “मावशी?” मी बाहेरून हाक मारली.

“कोन? मास्तर व्हय? बरं झालं आलाव. ती पिशवी ठिवा आन् हिकडं या. बिगी!”

आत पत्र्याखाली उकडत होतं. खाटेवर लूकस तात्या पालथे-उताणे असे मधेच अडकले होते, आणि सगुणाबाई त्यांच्या पाठीला गुडघा टेकवून त्यांना तोलून धरत होत्या. एका हातात ओलं फडकं. मी मोसंबी खाली ठेवली आणि माणसाला जिथे धरणं सगळ्यांत सोपं वाटलं तिथे, पायाला धरलं.

“पाय न्हाई! खांदा धरा, खांदा!”

मी खांदा धरला. तात्यांचं डोकं माझ्या पोटावर आदळलं. त्यांनी खालून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, शाळंत वझं उचलायचा तास नसतो वाटतं.”

त्यांच्या पाठीला, माकडहाडाच्या वर, तळहाताएवढी जखम होती. सगुणाबाई ती कोमट पाण्याने पुसायला लागल्या. मी दुसरीकडे बघायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “हलू नगा, तसंच धरून ऱ्हावा.” मग बघावंच लागलं. चादर बदलायची होती, खालचं रबर धुवायचं होतं. माझी चार वाक्यं केव्हाच कुठे तरी गेली.

काम उरकल्यावर मी विचारलं, “मावशी, चर्चला का येत नाही?” आवाज कसा काढावा ते कळत नव्हतं.

“हे आसं सोडून कसं यिऊ?” त्या फडकं पिळत म्हणाल्या. “डाक्टरनं सांगितलंय, दर दोन तासाला कूस बदला. न्हाई बदलली की कातडं निघतं. अकरा वर्सं एक दिस चुकवलं न्हाई मी. रईवारी नवाला ह्यांना वळवून यायची. उपदेश चालू झाला की गुमान मागच्या दारानं यिऊन कूस बदलायची, आन् प्रभुभोजनाला माघारी जायाची. दाराजवळ बसलं की कुनाला तरास न्हाई.”

मी उभाच होतो. बसायला त्या घरात एकच पत्र्याचा डबा होता.

“म्हैन्यामागं कुन्या शान्यानं हिला धरून फुडं नेली,” तात्या खाटेवरून म्हणाले. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. “पार फुडं, भिताडाच्या कोपऱ्यात घातली. पाळकसायबांच्या नाकाम्होरून उठून यायची हिला लाज वाटली. ही तितं अडकली आन् मी हितं. साडेबारा वाजंस्तवर एकाच कुशीवर. त्याची ही जखम.”

नऊ ते साडेबारा, साडेतीन तास. गणिताच्या मास्तराला ही वजाबाकी करायला वेळ लागला नाही. त्यातली शेवटची पाच-दहा मिनिटं तर मी त्यांचा हात धरून उभा होतो.

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. फडकं झटकून दोरीवर टाकलं आणि म्हणाल्या, “आसंल कुनी. मान द्यायला गेला बिचारा.”

बोलायची वेळ तीच होती. खोलीत आम्ही तिघेच होतो. चर्चमध्ये उभा राहून मी तीनशे माणसांसमोर पापांची कबुली वाचून दाखवायचो, शब्दही न अडखळता. इथे एक वाक्य बोलायचं होतं.

“अरेरे,” मी म्हणालो.

थोड्या वेळाने मी म्हणालो, “रविवारी मी बसतो तात्यांजवळ. तुम्ही उपासनेला जा. पूर्ण बसा.”

“किती रईवार?” तात्यांनी विचारलं.

“दर रविवारी.”

सगुणाबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “जमंल का मास्तर? हे काम घान असतं.”

“जमेल,” मी म्हणालो. आणि दारातून निघताना, जणू आताच सुचलं असं दाखवून, “मावशी, पण हे कुणाला सांगू नका हं.” ज्या आवाजात मी हे म्हणालो त्या आवाजात सांगितलेली गोष्ट साधारणपणे संध्याकाळपर्यंत गावभर होते. सगुणाबाईंनी ती खरंच कुणाला सांगितली नाही.

शीलवंतीला मी सगळं सांगितलं. जखमेचंही सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे ती दाराकडे बघत होती ते…” “हो,” मी म्हणालो. तिने उठून कपाटातल्या दोन जुन्या चादरी काढल्या आणि फाडून त्यांची फडकी केली. “ही घेऊन जा उद्या,” म्हणाली.

पहिल्या रविवारी मी तात्यांना वळवताना माझाच चष्मा त्यांच्या खाली गेला. दुसऱ्या रविवारी त्यांना पाणी पाजताना ते त्यांच्या नाकात गेलं आणि मी घाबरून सगुणाबाईंना बोलवायला धावलो. “मेलो न्हाई, माघारी या,” असं तात्या मागून ओरडले म्हणून परत फिरलो. हा दुसरा रविवार म्हणजेच वार्षिक सभेचा दिवस. त्या दिवशी उपासना लवकर आटोपून साडेअकराला सभा होती. आणि मी तात्यांना साडेनऊला वळवलं होतं, म्हणजे त्यांची कूस बदलायची वेळही साडेअकरा.

अकराला सभेची पहिली घंटा झाली तशी मी घड्याळ बघायला लागलो.

“आज सभा ना?” तात्या म्हणाले. “तुमचं नाव हाय म्हनं पंचासाठी.”

“आहे.”

“मंग जावा की. मी कुटं पळून चाललोय?”

“मावशी येतील आता.”

“ती कशाला येतीय? अकरा वर्सांनी सभा घावलीय तिला. हात वर केल्याबिगर यायाची न्हाई.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी उठलो. तात्यांना आत्ताच वळवून जावं, असं म्हटलं, तर अर्धा तास आधी वळवलं की पुढची वेळही अलीकडे येणार. सभा लांबली तर? आमच्या सभा नेहमीच लांबतात. मी कुंपणापर्यंत गेलो. तिथून चर्चचं मागचं दार दिसत होतं, आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. पांढरा सदरा मी त्या दिवशी घालूनच आलो होतो, बाहीला तात्यांच्या औषधाचा पिवळा डाग पडला होता. तिथे मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. जखमेला नुकती खपली धरत होती, तेवढं डोळ्यांपुढे आलं आणि मी परत फिरलो. त्याग वगैरे काही वाटलं नाही. चरफडतच फिरलो.

सगुणाबाई एक वाजता आल्या. चेहरा उजळलेला. “पारखे कंपाउंडर आले निवडून,” म्हणाल्या.

“माझं नाव?”

“पाळकसायबांनी घेतलं की! पर कुनीतरी इचारलं, मानूस कुटं हाय? कुनाला म्हाईत न्हाई. चेअरमन म्हनले, ज्याला सभंला यायला येळ न्हाई तो पंच हून काय करनार. माज्या तोंडात आलं व्हतं, पर तुमी म्हनला व्हता ना, कुनाला सांगू नका.”

“बरं केलंत,” मी म्हणालो. “आणि तुम्ही? कुणाला हात वर केलात?”

“पारख्यांना,” सगुणाबाई सरळ म्हणाल्या. “ह्यांच्या जखमंचं मलम त्येनंच आनून दिलं व्हतं, पयल्याच आठवड्यात.”

मी घरी जाऊन पालथा पडून राहिलो. पारख्याला मलमाचं माहीत होतं, म्हणजे जखमेचंही माहीत होतं. आणि तो माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला होता, एक अक्षर न बोलता. त्या बाकावर तो दार अडवायला आला होता, की मी दार अडवू नये म्हणून आला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

तात्यांकडे बसायला लागल्यापासून मी उपासनेत दिसेनासा झालो होतो. मला वाटलं होतं, निदान तिसऱ्या रविवारी कोणी तरी विचारेल. सहाव्या रविवारपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. शीलवंती बाजारातून आली ती तणतणत. “लोक म्हणतात, उमाप सर रुसले. पंच केलं नाही म्हणून चर्च सोडलं.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? तुम्हीच तोंडाला कुलूप घातलंय.” मग थांबून म्हणाली, “सांगून टाकू का?”

माझ्या मनात आलं, सांग. आत्ता चप्पल घाल आणि चौकात जाऊन सांग. मी ‘नको’ म्हणालो. ते ‘नको’ मला जितकं जड गेलं तितकं तात्यांचं अंगही कधी जड वाटलं नाही. कारण सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, ती जखम कुणामुळे झाली तेसुद्धा. निम्मं सांगायचं आणि निम्मं गिळायचं, एवढा निर्लज्ज मी तेव्हा उरलो नव्हतो. आणि पूर्ण सांगण्याएवढा धीट अजून झालो नव्हतो.

सगुणाबाई मात्र दर रविवारी शेवटच्या बाकावर, त्यांच्याच जागेवर बसून उपदेश ऐकत होत्या. बाक पुन्हा मोकळा झाला होता. निवडणूक संपली तशी नम्रताही पुढे सरकली होती. एकदा त्या परत आल्यावर मी विचारलं, “कसा झाला उपदेश?”

त्या म्हणाल्या, “मास्तर, खरं सांगू? अकरा वर्सं मला वाटायचं, मी कायतरी लई मोठं चुकवतीय.”

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला त्यांची पाठ चोळावी लागली.

तात्यांशी माझी अशी गट्टी जमत गेली. त्यांना गणितं घालायला आवडायची, उसाच्या टनांची आणि बैलांच्या जोड्यांची, आणि मी चुकलो की त्यांना फार आनंद व्हायचा. पाचव्या-सहाव्या रविवारपासून त्यांनी ‘तुमी’ सोडलं आणि मला अरेतुरे करायला लागले. माझा हात बसला होता. वळवताना आता ते कण्हत नसत. मी चांगला माणूस आहे असं मला पुन्हा वाटायला लागलं होतं, आणि दर रविवारी त्या घरातून निघताना छातीत काही तरी टोचायचं. ते काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या रविवारी बोलू, असं म्हणून मी कुंपण ओलांडायचो.

अकराव्या रविवारी जखम भरली. मी पाठ पुसत होतो आणि तिथे नुसती गुलाबी नवी कातडी होती. बोट फिरवलं तर मऊ लागली. तात्यांना तिथलं काही जाणवत नाही, तरी त्यांनी विचारलं, “काय झालं रं? थांबलास का?”

“जखम बुजली तात्या.”

“आरं वा. मंग हासून सांग की. मयताला आल्यावानी काय सांगतोस?”

मी त्यांच्या पाठीमागे होतो. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक जमलं. “तात्या, त्या दिवशी मावशींना पुढे नेऊन बसवणारा शहाणा मीच होतो.”

चर्चमधून पेटीचा आवाज येत होता.

“ठावं हाय,” ते म्हणाले.

“मावशींनी सांगितलं?”

“त्याच दिशी. घरात पाय टाकल्या टाकल्या. म्हनली, उमाप मास्तरांनी आज लई मान दिला, आन् मला बगितलं आन् रडाय लागली.”

“पण मी आलो त्या दिवशी तुम्ही ‘कुण्या शहाण्यानं’ म्हणालात. माझ्यासमोर.”

“तुज्या तोंडावरच म्हनलो. म्हनलं बगू तरी, मानूस काय म्हनतो.” त्यांचे खांदे हलले नाहीत, पण ते हसत होते. “तू म्हनलास, अरेरे.”

मी फडकं हातात घेऊन तसाच बसून राहिलो. “मग इतके रविवार गप्प का राहिलात तात्या? एकदा तरी बोलायचं.”

“तुजी वाट बगत व्हतो. मला दुसरं काय काम हाय?”

मला पुढचं काही दिसेना. नाकातून आवाज निघाला तो लपवता आला नाही.

“ए मास्तर,” तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “रडू नगंस बाबा. माजं हात चालत न्हाईत. तुजं डोळं कोन पुसनार?”